हिंदुराव साळोख्यांची जीभ

हिंदुराव साळोखे नुसत्या वाफेवरून रश्शातलं मीठ सांगायचे, ही ज्याला थाप वाटत असेल त्याने खुशाल थाप समजावी. महापुराच्या साली तालमीच्या पोरांनी शाळेत आसऱ्याला आलेल्या लोकांसाठी मोठा हंडा चढवला होता आणि हिंदुरावांना होडीतून तिकडे नेत होते. होडी अजून पाण्याच्या मधोमध होती. तेवढ्यात यांनी नाक वर केलं, मग दोन्ही हात वर केले आणि तिथूनच ओरडले : बास. काठावरच्या आचाऱ्याच्या मुठीत त्या क्षणी खरोखरच मीठ होतं म्हणतात. त्या होडीत आपण होतो असं सांगणारे लोक आज कोल्हापुरात इतके आहेत, की ते सगळे खरोखर बसले असते तर होडी बुडाली असती. पण हंड्यातलं मीठ बरोबर निघालं होतं, यावर त्यांचं एकमत आहे.

जत्रा असो, बारसं असो, कुस्तीचं मैदान मारलेलं असो, मटणाच्या हंड्यापाशी हिंदुराव आबाच लागायचे. गिऱ्हाईक नाही, दुकान नाही, एक पैसा घेणं नाही. चव बघायची, मान हलवायची आणि कोपऱ्यात बसून पान लावायचं. माणसाला आयुष्यात मान मिळायला काहीतरी एक पुरतं. आबांना जीभ पुरली होती.

पुढे हीच जीभ त्यांना मान वर करू देईना. ती ही गोष्ट.

आबांच्या मुलाचं, राजवर्धनचं, लग्न झालं आणि गडहिंग्लजची ईश्वरी सून म्हणून घरात आली. शाळेत चित्रकला शिकवायची. हसली की घर हसायचं. पण लग्नाला वर्ष झालं न झालं तोच पोरगी वाळायला लागली. पोट फुगायचं, केस गळायचे, जिना चढताना मध्येच बसायची. शेवटी तपासण्या झाल्या आणि सिलिअॅक निघाला.

आता हा आजार म्हणजे काय ते सांगतो. गव्हात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. चपाती लाटताना फाटत नाही ती त्याच्याच कृपेनं. पोटात त्याचे तुकडे होतात, पण त्यातला एक तुकडा मोठा हट्टी. पाचक रसांना तो दाद देत नाही, उकळीलाही देत नाही. तुमच्या-माझ्या पोटातून तो मुकाट पुढे जातो. सिलिअॅकवाल्याच्या शरीराला मात्र तो शत्रू वाटतो, आणि त्याच्यावर उपसलेली सगळी हत्यारं स्वतःच्याच आतड्यावर पडतात. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी लव असते. अन्न शोषून घेण्याचं काम तिचं. ती लव झडते, आणि माणूस भरल्या ताटावर उपाशी राहतो.

ईश्वरीची लव इतकी झडली होती की नुसता गहू सोडून भागेना. डाळ सोसेना, दूध सोसेना, कांदा, लसूण, तिखट, काजू, खसखस काही सोसेना. दवाखान्यातल्या डॉक्टर तहसीन मुजावर यांनी एकेक पदार्थ बंद करत आणला तेव्हा भात, मटण, खोबरं, हळद, आलं आणि मीठ एवढंच शिल्लक राहिलं. त्यातही हळद कुठे दळली, खोबरं कोणत्या किसणीवर किसलं, हे प्रश्न होतेच. गव्हाच्या पिठाचा कण उडून पडला तरी पुरे.

त्याच सुमाराला 'साक्षी' बाजारात आली होती. कल्पना साधी होती, करणारे मात्र हुशार. दह्यात असतात त्या जातीचे जंतू घ्यायचे, त्यांच्या जनुकांत थोडी उलथापालथ करायची आणि त्यांना त्या एका हट्टी तुकड्यावर पहाऱ्याला बसवायचं. हे जंतू गिळले की आतड्यात बिऱ्हाड करतात. गव्हाचा तुकडा दिसला की एक निरुपद्रवी रसायन सोडतात. ते रक्तातून फिरत मनगटाशी येतं. तिथे कातडीखाली टोचलेला एक ठिपका असतो, एरवी मधाच्या रंगाचा. रसायन पोचलं की तो निळा होतो, आणि बरेच दिवस निळा राहतो. थोडं थोडं पोटात जात राहिलं तर जंतू ते साठवून मोजतात आणि हिशेब भरला की मगच रंग बदलतात. म्हणजे गहू आला हे साक्षी सांगते. कधी आला, कुठून आला, कुणी घातला, हे तिला विचारू नये.

लोकांनी नेमकं तेच विचारायला सुरुवात केली. पाठोपाठ साखरेची साक्षी आली, दारूची आली. मुली बघायला जाणारे आधी मनगट बघू लागले. तालमीतले दोन पैलवान ऐन उन्हाळ्यात लांब बाह्यांचे सदरे घालून फिरू लागले, आणि पलीकडच्या गल्लीतल्या एका बुवांचं कडक उपोषण त्यांच्याच मनगटानं भक्तांसमोर मोडलं. माणसाच्या शब्दापेक्षा ठिपक्याला जास्त किंमत आली. एकदा यंत्र खोटं बोलत नाही असं ठरलं, की खोटं बोलणारा माणसांतच शोधावा लागतो.

साळोख्यांच्या घरी ईश्वरीनं घेतलेल्या साक्षीनं सुरुवातीला मात्र आनंदच आणला. आबांनी डॉक्टरांसमोर छाती पुढे काढून सांगितलं होतं, भात, मटण आणि हळद एवढ्यावर सून जगवायची असेल तर ती गोष्ट माझ्यावर सोडा. आणि खरोखर, कोल्हापूरकराला यात अवघड काय होतं? आपल्याकडे तांबडा असो की पांढरा, दोन्ही रश्शांचं मूळ एकच; मटण शिजवलेलं ते पहिलं पाणी, ज्याला अळणी म्हणतात. नावाला अळणी, मीठ त्यात असतंच. तिखट-मसाला तेवढा नसतो. लेकरांना, आजाऱ्यांना, बाळंतिणीला तेच पाजतात. आबांनी ठरवलं, सुनेला अळणी पाजायचं, आणि असं पाजायचं की तिला दुसऱ्या कशाची आठवण होऊ नये.

घरातला गहू गेला. मालनकाकूंनी, म्हणजे आबांच्या बायकोनं, चपात्या बंद करून भाकरीवर घर आणलं आणि आठवडाभर तोंड पाडून बसल्या. हिंगाची डबी पहिल्यांदा गेली, कारण बांधणीच्या हिंगात पीठ असतं. डंकावर कुटून आणलेली हळद गेली. आबांनी सांगलीहून हळकुंडं आणून स्वतः खलबत्त्यात कुटली. मीठ खड्याचं, धुऊन वाळवलेलं. जिनसा तपासायच्या पट्ट्या दवाखान्यातून मिळत. भिजवून धरल्या की गहू असला तर रेघ उमटे. आबांनी खोबरं तपासलं, आलं तपासलं, चुलीतली राखही तपासली. मग त्यांना बोकडाचा संशय आला. बोकडानं गव्हाचा भुसा खाल्ला असेल तर? मटणवाल्याला त्यांनी बोकडाचं सगळं खानदान विचारून घेतलं. डॉक्टर मुजावर हे ऐकून पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, बोकडाच्या पोटातला गहू बोकडानंच पचवला, तो तुमच्या हंड्यात येत नाही.

मागच्या परसात पत्र्याखाली आबांची चूल होती. बुधवारी आणि रविवारी तिथे पातेलं चढायचं. रांधताना कुणी फिरकायचं नाही हा जुना नियम. अळणी तयार झालं की पातेलं आत जायचं. ईश्वरी आपल्यापुरतं अळणी काढून ठेवायची, ते तिला चार दिवस पुरायचं, आणि उरलेल्याचे तांबडा-पांढरा व्हायचे. वाढायचं कामही तिनंच आपल्याकडे घेतलं होतं. शेगडीवर तिचं गरम पाण्याचं भांडं कायम असायचं, पोटाला बरं म्हणून.

पहिल्या रविवारी तिनं वाटी तोंडाला लावली. एक घोट घेतला, आणि वाटी तशीच धरून रडायला लागली. आबा घाबरले. ती म्हणाली, ''आबा, याला चव आहे हो.'' गेले कित्येक महिने बिचारी मीठ लावलेला भात गिळत होती. मनगटावरचा ठिपका मधासारखा राहिला. उन्हाळा गेला, गालावर रंग आला. डॉक्टरांनी सांगितलं, अशीच राहिली तर दिवाळीनंतर तिला नवीन टोचण, म्हणजे इंजेक्शन, मिळेल; यादीत तिचं नाव लागलंय. त्या टोचणानं शरीराला गव्हाची नव्यानं ओळख करून देता येत होती. हा शत्रू नाही, पाहुणा आहे, असं शिकवता येत होतं. मग पोरगी काहीही खाऊ शकली असती. अट एकच. तोवर ठिपका निळा होता कामा नये. एखादी चूक माफ, पण पुन्हा पुन्हा झाला तर यादीतून नाव कमी, कारण रांगेत माणसं पुष्कळ होती आणि पथ्य न पाळणाऱ्यावर औषध वाया घालवायला दवाखाना तयार नव्हता.

त्या पावसाळ्यात आबांना ताप आला. साधाच, अंग मोडणारा. उतरला, आणि जाताना जिभेवरचं मीठ घेऊन गेला. गोड कळायचं, कडू कळायचं, आंबटही कळायचं. मीठ मात्र नाही. खडा तोंडात धरला तरी गारगोटी चघळल्यासारखं वाटायचं. आबांनी कुणाला सांगितलं नाही. येईल परत, असं म्हणत राहिले. तापानंतरच्या पहिल्या रविवारी अंदाजानं मीठ टाकलं, आणि पहिला घास घेऊन राजवर्धन सहज हसत म्हणाला, ''आबा, आज कोकणातलं पाणी वापरलासा काय?''

तो विसरूनही गेला. आबा विसरले नाहीत. ज्या माणसानं होडीतून मीठ ओळखलं, त्याच्या रश्शाला पोटच्या पोरानं समुद्र म्हणावं. त्यांना एकाएकी आपण हंड्यापाशी उभे आहोत, सगळी तालीम तोंडाकडे बघतेय आणि आपल्याला काहीच कळत नाहीये, असं दिसायला लागलं.

आणि मग त्यांना आपल्या आईची युक्ती आठवली. आमटी खारट झाली की ती कणकेचा गोळा तीत सोडायची. गोळा मीठ ओढून घेतो, मग काढून टाकायचा. घराघरांत करतात. खारट झालं की नाही हेच आता आबांना कळत नसल्यामुळे त्यांनी सोपं केलं : दर खेपेला गोळा टाकायचा. जास्तीचं मीठ असेल तर जाईल, नसेल तर राहील.

घरात तर गहू नव्हता. कणकेची एक पुडी पेठेतून आली आणि परसातल्या लाकडांच्या मागे, पत्र्याच्या डब्यात बसली. माणूस स्वतःशी कसा वकिली करतो बघा. आबांचं म्हणणं असं, की गोळा ही काही जिन्नस नव्हे. तो पातेल्यात जातो आणि अख्खाच्या अख्खा बाहेर येतो. पळी जाते-येते तसा. पळी का आपण खातो? सुनेच्या पोटात कण जाणार नाही, आणि चार माणसांत लाजही जाणार नाही. शिजून फुगलेला गोळा ते भिंतीवरून पलीकडे फेकत. तिथे टायग्या नावाचं गल्लीतलं कुत्रं बुधवार-रविवार न चुकता हजर असे. या सगळ्या व्यवहाराची खबर तेवढी त्यालाच होती.

पंधरवडा गेला असेल नसेल, ईश्वरी शाळेतून आली ती मनगट छातीशी धरून. ठिपका निळा झाला होता. मोरपिसासारखा, सुंदर.

घरात एकच धावपळ झाली. पुन्हा हळद, पुन्हा खोबरं, पुन्हा आलं. कुठेच रेघ नाही. मालनकाकूंनी तिला जवळ घेतलं, होतं एखादवेळी म्हणाल्या. मग बाहेरच्या जगाकडे नजर गेली. शाळा म्हटलं की पोरांचे वाढदिवस, केक, बिस्किटं. काकूंनी गोडीत विचारलं, एखाद्या लेकरानं तुकडा भरवला असंल, तू नको म्हणाली नसशील, तसं असलं तर सांग, आम्ही काय तुला खाणार न्हाई. ईश्वरी नाही म्हणाली. शपथ घेऊन नाही म्हणाली. त्यावर काकूंनी फक्त तिच्या मनगटाकडे बघितलं.

राजवर्धनला एवढं सोपं वाटेना. तो म्हणाला, सगळं तपासलं, एकदा तयार अळणीत पट्टी बुडवू. आबांना नको म्हणायचं होतं, तोंडातून मात्र दुसरंच आलं.

''माझ्या रश्शात पट्टी बुडवणार? बुडव. रविवारी बुडव.''

त्या रविवारी आबांनी गोळा टाकला नाही. ठरवून टाकला नाही असं नव्हे, असं त्यांनी स्वतःला पुष्कळ सांगून बघितलं; हात डब्याकडे गेलाच नाही, एवढंच. पण हात कधी आपल्या मनाने राहतो का? पट्टी बुडवली, सगळे डोकं जोडून बघत राहिले. रेघ उमटली नाही. राजवर्धननं वडिलांकडे अपराधी नजरेनं बघितलं आणि पाय धरले. आबांनी त्याला आशीर्वाद दिला. आयुष्यात इतका जड हात त्यांनी कधी उचलला नव्हता. त्या दिवशी रस्सा खारट असणार म्हणून ते जेवताना प्रत्येकाचं तोंड बघत होते. पण कुणी काही बोललं नाही. मुरलेला हात, आबा मनात म्हणाले, अंदाजच बरोबर बसला.

आता संशय घ्यायला फक्त एकच जागा उरली. राजवर्धन आधी समजुतीनं बोलायचा, मग कमी बोलायला लागला. एकदा दारातून आबांच्या कानावर त्याचं बोलणं पडलं. ''तू खाल्लीस याचं मला काय न्हाई गं. खोटं बोलायलीस, त्याचं वाईट वाटतंय.'' ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. त्या दिवसापासून ती घरातसुद्धा बाही मनगटापर्यंत ओढून वावरू लागली.

आबांना कळत नव्हतं असं नाही. एका रविवारी त्यांनी गोळा बाहेर काढून उजेडात धरून पाहिला. त्याचं अंग बुळबुळीत झालं होतं आणि पळीतून पांढुरकं पाणी ठिबकत होतं. ठिबकून परत पातेल्यात पडत होतं. भिंतीपलीकडे टायग्या कुंईकुंई करत होता. पातेलं ओतून द्यावं असं वाटलं. ओतलं तर का ओतलं हे सांगावं लागणार होतं. त्यांनी गोळा फेकला आणि पातेलं आत दिलं.

पुढच्या खेपेला त्यांनी मीठच टाकलं नाही. म्हणजे गोळ्याचा प्रश्न नाही. जेवताना मालनकाकू म्हणाल्या, ''अवं, मीठ इसरलासा?'' आणि शेजारून आलेला सदूभाऊ मिस्कील हसून म्हणाला की पहिलवान म्हातारा झाला वाटतं. झालं. डबा पुन्हा लाकडांमागून बाहेर आला. सुनेचं नाव जायची पाळी आली होती, आणि हा माणूस सदूभाऊच्या हसण्याला भिऊन होता. लाज ही चीज अशी अजब, की मोठ्या पापापेक्षा लहान फजितीला ती जास्त घाबरते.

ठिपका उतरणीला लागला होता, तो पुन्हा निळाशार झाला. दवाखान्यातून निरोप आला : घरातल्या सगळ्यांनी यावं.

डॉक्टर मुजावर यांच्या खोलीत चौघं बसली. डॉक्टरांचा आवाज मऊ होता, पण बोलणं सरळ. घर तपासलेलं, जिनसा तपासलेल्या, अळणीसुद्धा तपासलेलं. मग एकच अर्थ निघतो. ईश्वरीवर त्या रागावत नव्हत्या. एवढ्या कमी पदार्थांवर जगणं कुणालाही जड जातं, माणूस चोरून खातो, त्यात गुन्हा नाही. पण टोचण ज्याला द्यायचं त्याच्याबद्दल खात्री हवी. नाव कमी करावं लागेल. पुन्हा रांगेत यायला किती वर्षं लागतील ते त्यांना सांगता येत नव्हतं.

''तुला काही सांगायचंय?'' त्यांनी विचारलं. ''घरातलं, स्वयंपाकातलं. काहीही.''

ईश्वरीनं मान वर केली. तिची नजर राजवर्धनवरून फिरली, काकूंवरून फिरली, आबांवर क्षणभर थांबली आणि खाली गेली.

''नाही मॅडम. माझंच कुठेतरी चुकत असेल.''

सगळे उठले. आबांना उठवेना. त्यांची काठी खुर्चीखाली घसरली होती. ईश्वरी वाकली, काठी काढून तिनं त्यांच्या हातात दिली आणि हळूच म्हणाली, ''चला आबा. सकाळपासून तुमच्या पोटात काही नाही.''

ते तिनं म्हणायला नको होतं. शिव्या दिल्या असत्या तर आबा कदाचित गप्प राहू शकले असते.

''डॉक्टर,'' ते म्हणाले, ''गहू माझ्याकडनं गेला.''

कुणाला काही कळलं नाही. आबा काठीच्या मुठीकडे बघत बोलत राहिले. कणकेचा गोळा टाकतो अळणीत, म्हणाले. जास्तीचं मीठ ओढून घेतो म्हणून. पुडी लाकडांच्या मागं हाय. मालनकाकू म्हणाल्या, काहीतरीच काय बोलताय, तुमचं मीठ जन्मात कधी जास्त झालंय?

''मला मीठ कळत न्हाई, मालन. तापापासनं.''

राजवर्धन उभाच होता. त्यानं फार सावकाश विचारलं, ''आणि पट्टी बुडवली त्या दिवशी?''

आबांना वाटलं होतं, हा प्रश्न कुणाला सुचणार नाही.

''त्या दिवशी टाकला न्हवता.''

राजवर्धननं तोंड फिरवलं. या पोरानं आपले पाय धरले होते. आबांना आता ते पाय कुठे ठेवावेत कळेना. खुर्चीखाली ओढून घेतले.

डॉक्टर रागावल्या नाहीत. शिकवायला बसल्यासारख्या बोलल्या. ''आबा, गोळा मीठ वेचून घेत नाही. त्याला कसं कळणार, मीठ कुठलं नि पाणी कुठलं? तो नुसता रस्सा पितो, मिठासकट. खारट रस्सा तेवढाच खारट उरतो, फक्त थोडा कमी होतो. बदल्यात अंगावरचं पीठ सोडतो. उकळून त्यातला गहू मरत नाही.''

म्हणजे एवढं सगळं करून हाताला काहीच लागलं नव्हतं. आबा हे गिळत असतानाच राजवर्धन वळला. त्याच्या कपाळावर आठी होती.

''मग आम्हाला खारट का लागला न्हाई?'' तो म्हणाला. ''गोळा काही करत नसंल, आणि आबांना मीठ कळत नसंल, तर ताटातला रस्सा बरोबर कसा यायचा? पट्टी लावली त्या दिवशीबी बरोबर होता.''

काकू विचारात पडल्या. मग त्यांची नजर सुनेकडे गेली आणि तिथेच राहिली.

''गरम पाणी,'' त्या म्हणाल्या. ''हिचं ते शेगडीवरचं गरम पाणी.''

ईश्वरी खिडकीबाहेर बघत होती. बाही आणखी खाली ओढून घेतली तिनं. तापानंतरच्या त्या पहिल्या रविवारीच तिच्या ध्यानात आलं होतं. आबांचा हात चुकतोय, आणि आबांना ते कुणाला कळू द्यायचं नाहीये. तेव्हापासून पातेलं आत आलं की ती आधी चमचाभर चाखायची, लागेल तेवढं गरम पाणी घालायची, आणि मगच पुढचं काम. ज्या बुधवारी मीठच नव्हतं त्या बुधवारी ती पालकसभेला शाळेत होती, म्हणून तेवढं एकदा उघड्यावर आलं. गोळ्याबद्दल तिला काही माहीत नव्हतं. आबांची अब्रू राहावी म्हणून ती जे ओतत होती, त्यातच तिचं स्वतःचं विष मिसळलेलं होतं. आणि चोर ठरल्यावरही तिनं आबांच्या जिभेचं नाव काढलं नव्हतं.

बाहेरच्या बाकावर आबा तिच्यापासून जरा अंतरावर बसले. राजवर्धन आणि काकू आत होते. डॉक्टर सांगत होत्या की दोष स्वयंपाकाचा निघाला तर नाव जात नाही, मुदत मात्र पहिल्यापासून मोजावी लागेल. दिवाळी हुकणार होती. उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागणार होतं.

''तू सांगितलं का न्हाईस?'' आबांनी विचारलं. ''माझ्या जिभेचं?''

ईश्वरी त्यांच्याकडे न बघता म्हणाली, ''मला वाटलं, तुम्ही सांगाल.''

त्यानंतर पुष्कळ दिवस ती आबांच्या समोर येईना. राजवर्धननं बायकोची माफी मागितली, काकूंनी मागितली. आबांना माफी मागायचीही लाज वाटत होती. मागितली तर तिला ती द्यावी लागली असती. त्यांनी डॉक्टरांना जाऊन एकदा गंभीरपणे विचारलं, माझ्यासारख्याच्या मनगटाला टोचायचा, खोट्यावर निळा होणारा काही ठिपका निघालाय का. डॉक्टर म्हणाल्या, अजून नाही. आबा म्हणाले, निघाला की कळवा.

परसातली चूल थंड पडली. लाकडांमागचा डबा आबांनी सदूभाऊच्या देखत बाहेर काढला, आणि का ठेवला होता तेही त्याला सांगितलं. सदूभाऊ या खेपेला हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

मग एका रविवारी ईश्वरी परसात आली. हातात चमचा होता, आणि दुसऱ्या हातात गरम पाण्याचं भांडं.

''मी काय आता परत नुसता भात खायचा?'' ती म्हणाली.

आवाजात गोडी नव्हती. आबांनी मुकाट्यानं चूल पेटवली, पातेलं चढवलं. हळद टाकली, आलं टाकलं, मीठ टाकलं. उकळी फुटली. वाफ तोंडावर आली. तिच्यात काय लिहिलंय ते त्यांना एक अक्षर वाचता येईना. भिंतीवर टायग्या येऊन बसला होता. ईश्वरीनं चमचा बुडवला, फुंकर घातली, चाखलं. आणि शेजारच्या दोन्ही परसांत ऐकू जाईल इतक्या मोकळ्या आवाजात म्हणाली,

''आबा, खारट झालंय.''

भिंतीपलीकडे कुणाचं तरी धुणं आपटणं थांबलं.

''घाल पाणी,'' आबा म्हणाले.

तिनं भांडं वाकडं केलं. आजवर हे त्यांच्या पाठीमागे व्हायचं. आज त्यांच्या डोळ्यांदेखत होत होतं. आबांनी झाकण हातात धरलं होतं आणि ते पातेल्याकडे नाही, तिच्या हाताकडे बघत होते. बाही कोपरापर्यंत वर सारलेली होती. ठिपका अजून निळाच होता, पण कडेनं मधाचा रंग चढू लागला होता. तिनं परत चाखलं, परत थोडं ओतलं, परत चाखलं. मग हात वर केला.

''बास.''

आबांनी झाकण ठेवलं. टायग्यानं बराच वेळ वाट बघितली, आणि काही येत नाही म्हटल्यावर भिंतीवरून उतरून निघून गेला.